हिऱ्याच्या तक्त्यात घडणीचा रकाना हवाच

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत ऑनलाइन हिरा कसा निवडावा यावर आलेला लेख वाचला. लेख तळमळीने लिहिला आहे, आणि प्रमाणपत्राशिवाय हिरा घेऊ नका हा त्यातला आग्रह अगदी रास्त आहे. मात्र लेखाखालच्या तक्त्यात गोल हिऱ्यांची तुलना करताना वजन, रंग, शुद्धता आणि किंमत एवढेच रकाने होते. घडणीला, म्हणजे कटला, रकानाच नव्हता. कटबद्दल सगळ्या लेखात एकच वाक्य होते, 'कट एक्सलंट असल्याची खात्री करा.' एक्सलंट म्हणजे प्रमाणपत्रावरची कटची सर्वांत वरची प्रत. ज्याच्याकडे पैशाला तोटा नाही त्याचे एवढ्यावर भागेल. ज्याला मोजक्या पैशांत एकच हिरा घ्यायचा आहे आणि तोही हातात न घेता, पडद्यावर बघून, त्याचे भागणार नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे. थोडे लांबेल, पण विषयच तसा आहे.

मी नोकरीची सगळी वर्षे पैलू पाडलेल्या मालाची प्रतवारी केली. समोर पांढरा कागद, हातात चिमटा, डोळ्याला दहा पटींचे भिंग आणि समोरच्या पुडीतला माल वेगवेगळ्या ढिगांत लावायचा. आता निवृत्त आहे. तरी नात्यातली आणि ओळखीतली तरुण मुले हिऱ्यांचे फोटो आणि प्रमाणपत्रे पाठवत असतात आणि विचारतात, यातला कुठला घेऊ? जवळपास प्रत्येकाने वजनापासून सुरुवात केलेली असते. मग रंग, मग शुद्धता, आणि उरलेल्या पैशांत बसेल तो कट. गोल हिऱ्याच्या बाबतीत हा क्रम बरोबर उलटा आहे, आणि का उलटा आहे ते वाचकांना कुणीतरी नीट सांगायला हवे.

गोल हिरा झळाळतो, कारण वरून आत शिरलेला उजेड वरूनच परत येतो. हिऱ्याचा अपवर्तनांक 2.42 आहे. त्यामुळे आतून एखाद्या पैलूवर आदळणारा किरण लंबाशी सुमारे 24.4 अंशांपेक्षा मोठा कोन करत असेल तर तो बाहेर पडत नाही, आतच परततो. खालच्या निमुळत्या भागाला पॅव्हिलियन म्हणतात. त्याचे पैलू नेमक्या उताराचे असले की किरण एका बाजूने समोरच्या बाजूवर जातो आणि तिथून वर, टेबलातून, म्हणजे माथ्यावरच्या सपाट पैलूतून, थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत येतो. पॅव्हिलियन उथळ राहिला तर टेबलात डोकावल्यावर कंबरेच्या कडेचे, म्हणजे गर्डलचे, करडे वलय दिसते. धंद्यात त्याला फिश-आय म्हणतात. पॅव्हिलियन फार खोल गेला तर मधला भाग काळवंडतो, त्याचे नाव नेलहेड. मार्सेल टोल्कोव्स्की यांनी 1919 मध्ये हे सगळे गणिताने मांडले: वरच्या भागाचा, म्हणजे क्राउनचा, कोन 34.5 अंश, पॅव्हिलियनचा 40.75 अंश आणि टेबल व्यासाच्या 53 टक्के. त्यानंतर यंत्रे बदलली, संगणक आले, टेबल थोडे मोठे ठेवायची पद्धत पडली, पण उत्तम गोल हिऱ्याचे कोन आजही याच आकड्यांच्या आसपास असतात. रंग कितीही वरचा असो, शुद्धता कितीही असो, कोन चुकले तर त्या दगडाला उठाव येत नाही. असा दगड पुडीत इतरांच्या शेजारी ठेवला की भिंग न लावताही वेगळा पडतो.

मग वाईट कोनांचे हिरे तयार तरी का होतात? कारागिराला येत नाही म्हणून नव्हे. कच्चा दगड घासताना गेलेले प्रत्येक मिलिग्रॅम म्हणजे गेलेला पैसा, आणि बाजारात दर कॅरेटमागचा भाव ठरावीक वजनांवर उडी मारतो. एक कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम, त्याचे 100 सेंट. 50, 70, 90 आणि 100 सेंट हे उड्यांचे टप्पे. 97 सेंटचा सुंदर हिरा काढण्यापेक्षा पॅव्हिलियन थोडा खोल, क्राउन थोडा उभा, गर्डल थोडा जाड ठेवून 1.00 गाठलेला बरा, असा हिशेब मालक करतो. वजन पोटात राहते. वरून बघणाऱ्याला ते दिसत नाही आणि उजेडालाही त्याचा उपयोग नसतो. गिऱ्हाइकाने मात्र त्याचे पूर्ण पैसे मोजलेले असतात. म्हणूनच 96 ते 99 सेंटचे नीट घडवलेले गोल हिरे कमी मिळतात. 90 ते 93 सेंटमध्ये शोधावे, तिथे चांगला माल सापडतो आणि भाव एका कॅरेटच्या टप्प्याखालचा असतो.

एक ताजे उदाहरण देते. माझ्या भाचीने दोन हिरे निवडून पाठवले. दोन्ही जी रंगाचे (रंगाची अक्षरे बिनरंगी डीपासून सुरू होतात, पुढे पिवळेपणा वाढत जातो), दोन्ही शुद्धतेने व्हीएस 2 (व्हीव्हीएस त्याच्या वर, एसआय खाली), दोन्हींच्या प्रमाणपत्रावर कट एक्सलंट. पहिला 1.00 कॅरेट, दुसरा 0.91. पहिल्याची किंमत बरीच जास्त होती आणि तिचे मन त्याच्याकडेच ओढत होते. ती म्हणाली, "मावशी, एक म्हणजे एक. शून्य पॉइंट काही तरी कसं वाटतं?" मी तिला मापांची ओळ वाचायला लावली. पहिल्याचे माप 6.33 ते 6.36 मिमी व्यास, 3.98 मिमी उंची. एकूण खोली, म्हणजे व्यासाच्या तुलनेत उंची, 62.7 टक्के, टेबल 57, क्राउन 35.5 अंश, पॅव्हिलियन 41.2 अंश. दुसऱ्याचे 6.21 ते 6.23 मिमी व्यास, 3.81 मिमी उंची, खोली 61.3 टक्के, टेबल 56, क्राउन 34.5 अंश, पॅव्हिलियन 40.8 अंश. वजनात नऊ सेंटचा फरक आणि व्यासात जेमतेम एक अष्टमांश मिलिमीटर. बोटावर घातल्यावर हा फरक कुणाच्याही नजरेला जाणवणार नाही. जाणवेल ते वेगळेच. पहिल्या हिऱ्यात वरचा उतारही उभा आणि खालचाही उभा. अशा जोडीत टेबलाच्या कडेखालून उजेड गळतो आणि तिथे एक फिकट, मलूल कडे तयार होते. दुकानाच्या झगझगीत दिव्यांखाली किंवा व्हिडिओत ते लपून जाते, पण घरात खिडकीपाशी बसल्यावर दिसते. दुसऱ्याचे कोन एकमेकांना सांभाळून आहेत. क्राउन थोडा उभा असेल तर पॅव्हिलियन थोडा उथळ हवा आणि क्राउन बसका असेल तर पॅव्हिलियन थोडा खोल चालतो, ही जोडी बघायची असते, सुटा आकडा नव्हे.

आता कुणी म्हणेल, दोन्हींना एक्सलंट कसे मिळाले? जीआयए या हिऱ्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी संस्थेने गोल हिऱ्यासाठी कटची प्रत 2006 पासून द्यायला सुरुवात केली आणि ते फार मोलाचे काम झाले. पण त्यांची एक्सलंट ही पायरी रुंद आहे. तिच्यात अप्रतिम दगडही बसतो आणि वजन राखलेला दगडही बसतो. शिवाय प्रमाणपत्रावरचे कोन म्हणजे आठ बाजूंची सरासरी, तीही क्राउनसाठी अर्ध्या अंशापर्यंत आणि पॅव्हिलियनसाठी 0.2 अंशापर्यंत पूर्णांकित केलेली. म्हणून कागदावरचे आकडे चाळणी म्हणून वापरावेत. माझी चाळणी अशी: टेबल 54 ते 58, खोली 60 ते 62.3 टक्के, क्राउन 34 ते 35 अंश, पॅव्हिलियन 40.6 ते 41 अंश, गर्डल थिन ते स्लाइटली थिक यांच्या दरम्यान, आणि पॉलिश व सिमेट्री दोन्ही एक्सलंट. क्राउन 35 असेल तर पॅव्हिलियन 40.6 किंवा 40.8 बघावा, दोन्ही वरच्या टोकाला नकोत. या चौकटीबाहेरही चांगले दगड असतात, मला ठाऊक आहे, पण ज्याला हिरा हातात घेऊन बघता येत नाही त्याने त्यांच्या मागे लागू नये. लहान चौकटीतही निवडायला भरपूर असते.

चाळणीतून दोन-तीन दगड उरले की विक्रेत्याकडे आयडियल-स्कोपखालचे चित्र मागावे. हे साधे उपकरण आहे, आतून लाल असलेली नळी आणि तिला भिंग. जिथून उजेड परत येतो तिथे हिरा लाल दिसतो, जिथून गळतो तिथे पांढरा किंवा फिकट, आणि बघणाऱ्याच्या डोक्याची सावली पडते तिथे काळा. चांगल्या गोल हिऱ्यात लाल पार्श्वभूमीवर आठ सारखे काळे बाण दिसतात. टेबलाच्या कडेखाली फिकट वलय दिसले की तो दगड बाजूला ठेवावा, किंमत कितीही मोहात पाडणारी असो. काही विक्रेते एएसईटीचे चित्र देतात, त्यात रंग जास्त असतात पण हेतू तोच. असले चित्रच नाही म्हणणाऱ्या विक्रेत्याकडे निदान सरीनच्या यंत्रावरचा मोजणीचा तपशील मागा, त्यात आठही बाजूंचे कोन सुटे दिलेले असतात. तोही नाही म्हणाला तर दुसरा विक्रेता गाठावा. गिऱ्हाइकाने हे मागितले पाहिजे आणि वर्तमानपत्रांनी ते मागायला शिकवले पाहिजे. नुसत्या कॅरेटनुसार भावांचे तक्ते छापत राहिलो तर वजन राखणाऱ्या मालाचीच आपण जाहिरात करतो. प्रत्येक हिऱ्यापुढे व्यास मिलिमीटरमध्ये आणि क्राउन व पॅव्हिलियनचे कोन, एवढे तीन आकडे छापायला जागा फारशी लागत नाही.

घडणीत पैसे घातले की ते कुठून तरी वाचवायला हवेत. आधी शुद्धतेतून वाचवा. शुद्धता दहा पटींच्या भिंगाखाली ठरते आणि हिरा कुणी भिंग लावून घालत नाही. व्हीव्हीएससाठी मोजलेले पैसे तिजोरीतल्या कागदावर दिसतात, बोटावर नाही. एक कॅरेटच्या आतबाहेरचा व्हीएस 2 हिरा बहुतेक वेळा नुसत्या डोळ्यांना स्वच्छ असतो आणि एसआय 1 मध्येही असे दगड सापडतात, पण तिथे व्हिडिओ थांबवून थांबवून बघावा लागतो. टेबलाच्या मधोमध काळा स्फटिक असेल तर नको. तोच दोष कडेला, पांढरा, पैलूंच्या गर्दीत असेल तर कोंदणाच्या नखीखाली झाकूनही जाईल. गर्डलपर्यंत पोचलेली चीर, म्हणजे फेदर, मात्र नकोच, तिथे ठोकर बसली तर टवका उडू शकतो. एक ओळ आवर्जून वाचा. एसआय प्रतीच्या प्रमाणपत्रावर कधी खाली शेरा असतो की शुद्धतेची प्रत नकाशात, म्हणजे दोष कुठे आहेत ते दाखवणाऱ्या आकृतीत, न दाखवलेल्या क्लाउड्समुळे, म्हणजे बारीक ठिपक्यांच्या पुंजक्यांमुळे, ठरली आहे. नकाशा कोरा करकरीत दिसतो आणि गिऱ्हाईक खूश होते, पण दगडभर बारीक धुके असू शकते. असे दगड मी पुडीतून उचलले की चिमट्यात धरताक्षणी कळायचे, जणू वर हलकासा श्वास सोडलेला आहे आणि पुसला तरी जात नाही. व्हिडिओत हे धुके ओळखणे कठीण. म्हणून शेरा दिसला की तो दगड सोडावा.

रंगाचेही तसेच. प्रयोगशाळेत रंग ठरवताना हिरा पालथा ठेवून, नमुन्याच्या दगडांशेजारी, बाजूने बघतात, कारण सरळ ठेवला की त्याची झळाळी रंग झाकते. घडण जितकी चांगली तितके हे झाकणे जास्त. पांढऱ्या धातूत एच रंग मला पुरेसा वाटतो, आयही अनेकांना चालतो. पिवळ्या सोन्यात जे रंग, अगदी के घेतला तरी हरकत नाही, तिथे डी रंगासाठी पैसे मोजणे मला पटत नाही. मात्र दोन वेगळ्या विक्रेत्यांचे व्हिडिओ शेजारी लावून रंगाची तुलना करू नका. कॅमेरा आणि दिवे वेगळे असतात, त्यावरून ठरवलेला रंग फसवतो. फ्लुओरेसन्सची, म्हणजे अतिनील उजेडात हिरा चमकण्याची, उगीच धास्ती घेऊ नये. बऱ्याच हिऱ्यांत तो थोडाफार असतो. फेंट किंवा मीडियम निळा असेल तर दिसण्यात काही बिघडत नाही आणि भाव थोडा उतरतो. स्ट्राँग असेल तर विक्रेत्याला दगड धूसर दिसतो का हे लेखी विचारा.

कागदाबद्दल. सगळ्या प्रयोगशाळांचा हात सारखा नसतो. एकीकडचा जी रंग दुसरीकडे आय ठरू शकतो, त्यामुळे वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या दगडांचे भाव समोरासमोर ठेवून स्वस्त-महाग ठरवता येत नाही. खाणीतल्या हिऱ्यासाठी मी जीआयएचा कागद धरून चालते. अहवालाचा क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर घालून बघणे प्रत्येकाला जमते आणि त्याला पैसे पडत नाहीत. तोच क्रमांक साध्या शोधयंत्रातही घालून बघा. ऑनलाइन विक्रेत्यांपैकी अनेकांकडे दगड स्वतःच्या कपाटात नसतो. ते पुरवठादारांच्या याद्या दाखवतात, त्यामुळे तोच हिरा दोन-तीन ठिकाणी वेगवेगळ्या भावांत सापडतो. ज्याच्याकडे दगड नाही तो तुमच्यासाठी तो मागवून, भिंगाखाली बघून, चित्र काढून देईल का, हे विचारल्यावर विक्रेता कोण आहे ते कळते. माझ्या ओळखीतल्या एका मुलाला असाच प्रश्न विचारल्यावर उत्तर आले, 'सर, सगळे डायमंड सुंदरच असतात.' त्याने तिथे खरेदी केली नाही, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

लेखात प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांना दोन ओळींत उडवून लावले आहे. ते मला योग्य वाटले नाही. तो हिराच आहे, कार्बनचाच, तेवढाच कठीण. साधा उष्णतेवर चालणारा टेस्टर त्याला खाणीच्या हिऱ्यापासून वेगळा ओळखू शकत नाही. कमी पैशांत मोठा दगड हवा असेल आणि पुढे विकायचा विचार नसेल तर तो घ्यावा. परत विकायला गेलात तर फार थोडे हातात येईल, हे मात्र आधीच धरून चला. जीआयएने 2025 मध्ये या हिऱ्यांना रंग-शुद्धतेची नेहमीची अक्षरे देणे थांबवून प्रीमियम आणि स्टँडर्ड असे दोनच वर्ग केले, त्यामुळे कागदावरचा तपशील पूर्वीपेक्षा कमी मिळेल. अशा वेळी कोन आणि चित्रे मागणे आणखी गरजेचे. तपकिरी किंवा निळसर झाक आहे का, हेही विचारून घ्यावे. आणि घडणीच्या बाबतीत सूट नाही. इथे दगड स्वस्त असतो, त्यामुळे उत्तम घडण न घेण्याला काही कारणच उरत नाही.

हिरा मागवताना सुटा मागवा आणि परताव्याची मुदत कधीपासून मोजतात ते लेखी घ्या, पाठवल्याच्या दिवसापासून की हातात पडल्याच्या. हातात आला की आधी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून मऊ ब्रशने धुवा, कारण खालच्या पैलूंना बोटाचे तेल लागले तरी झळाळी मंदावते आणि दोष दगडाला लागतो. मग दहा पटींच्या भिंगाखाली गर्डलवर लेसरने कोरलेला क्रमांक कागदाशी जुळवा. अक्षरे फार बारीक असतात, दगड चिमट्यात आडवा धरून हळूहळू फिरवत गेले की सापडतात. त्यानंतर भिंग ठेवून द्या आणि हिरा घरभर हिंडवा. खिडकीपाशी, ट्यूबलाइटखाली, झाडाच्या सावलीत, संध्याकाळी एकाच दिव्याखाली. हात लांब करून बघा, जवळ आणून बघा, थोडा कलता करून बघा. सावलीतही मधला भाग जिवंत राहतो का, कलला की काळा पडतो का, हे तुमचे डोळे कुठल्याही कागदापेक्षा चांगले सांगतील. शंका वाटली तर मुदतीच्या आत परत पाठवा, संकोच करू नका. आणि ही पाहणी पुरी होईपर्यंत तो अंगठीत बसवायला देऊ नका, कारण एकदा कोंदणात बसलेला दगड बरेच विक्रेते परत घेत नाहीत.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त हिरे प्रतवारी कर्मचारी